चारशे सदतीस वाव

८ डिसेंबर, सोमवार

ही वही खताच्या दुकानातून मिळाली होती. दोन वर्षं फळीवर पडून होती. आज सुनेनं ती झटकून माझ्या हातात दिली.

"बाबा, शेखर सरांनी सांगितलंय, रोजचा टाइम लिवून ठेवायचा. तुमी लिवा. धावून आले की माजे हात थरथरतात."

शेखर सर मुरबाडला पोलीस भरतीची तयारी करून घेतात. सून तिथं रविवारी गोळाफेक शिकायला जाते, धावायला तिथलं मैदान पुरत नाही. इतर दिवशी घरची कामं असतात, म्हणून गावातच धावायचं असं ठरलं. पहाटे अंधारात तिनं एकटीनं धावू नये, म्हणून सोबत मी. सुयोगला, म्हणजे माझ्या मुलाला, कंपनीत रात्रपाळी असते.

सुनेचं नाव भावना. माहेर आटगावचं. वय एकतीस. भरती दरवर्षी निघत नाही, पुढची निघेपर्यंत वयाची अट ओलांडेल. म्हणजे ही शेवटची. जानेवारीच्या अखेरीस मैदानी चाचणी आहे, तिला सगळे ग्राउंड म्हणतात. आठशे मीटर धावायचं. दोन मिनिटं पन्नास सेकंदांत आली तर वीसपैकी वीस मार्क.

मी पाचवीतून शाळा सोडली. अक्षर बरं आहे. पण सरांनी दिलेलं घड्याळ गळ्यात घातल्यापासून दहा वेळा हातात घेऊन पाहिलं. बटण चुकीचं दाबलं तर?

१० डिसेंबर, बुधवार

रस्ता मापला. वैशाखऱ्याकडून येणाऱ्या मोठ्या रस्त्यावर पहाटे भाजीचे टेम्पो सुसाट असतात, तिथं धावणं नको. मारुतीच्या देवळापासून ओहोळावरच्या साकवाकडे जाणारा आतला रस्ता सरळ आहे, दोन्हीकडे वालाची शेतं, तो धरला.

शेजारचा कुंडलिक रस्त्याच्या कामावर मुकादम होता. तो म्हणाला, "टेप आनू का? तीस मीटरचा हाय माज्याकडं."

मी म्हणालो, "टेप कशाला? गावातल्या सगळ्या विहिरींचे दोर मी मापलेत."

खरंच मापलेत. दोन्ही हात ताणून धरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. एक वाव म्हणजे सहा फूट. कुंडलिकनं देवळाच्या पायरीवर कोळशानं हिशेब केला. आठशे मीटर म्हणजे चारशे सदतीस वाव. मी विहिरीच्या जुन्या दोरावर वीस वाव मोजून गाठ मारली, तो दोर एकवीस वेळा रस्त्यावर टाकला, वर सतरा वाव. जांभळीच्या झाडाच्या थोडं पुढं माप संपलं. तिथं चुना लावून एक धोंडा ठेवला. धोंडा घरचाच, धुण्याच्या जागेवरचा. सकुबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं नाही.

कुंडलिक म्हणाला, "नाव तुजं धाऊ आनि धावते तुजी सून. बरं हाय बाबा तुजं."

१३ डिसेंबर, शनिवार

३ मिनिटं ४ सेकंद.

पद्धत अशी. ती देवळापाशी उभी राहते. मी धोंड्यापाशी. मी टॉर्च मारला की ती निघते, त्याच वेळी मी बटण दाबतो. आधी पावलं ऐकू येतात, मग ती दिसते. धोंडा ओलांडला की पुन्हा बटण. ती वाकून गुडघ्यांवर हात ठेवते, मी आकडा वाचतो.

धुकं फार आहे. कानटोपी, स्वेटर, वर घोंगडी, तरी दात वाजतात. ती साध्या टी-शर्टात. तिला काही झालं तर आटगावच्या लोकांना मी काय सांगू?

१६ डिसेंबर, मंगळवार

३ मिनिटं १ सेकंद.

तिला उठवायचा प्रश्न मोठा आहे. सासऱ्यानं सुनेच्या खोलीच्या दाराशी जाऊन हाक मारायची आमच्या घरात रीत नाही. तिचं नाव मी घेत नाही, मनस्वीची आई म्हणतो. मनस्वी माझी नात, पहिलीत आहे. तर मी ओटीवर बसून खोकतो. तीनदा खोकलो की ती उठते. आज सात वेळा खोकावं लागलं. शेवटी सकुबाईच आतून ओरडली, "दवाखान्यात जावा नायतर गप पडा!"

परत येताना सुनेनं सांगितलं, "मला धावायचं भ्या नाय वाटत, बाबा. पांगरुनातनं पाय बाहेर काढायचं भ्या वाटतं. रातच्याला निजतानाच पहाटेचं भ्या सुरू होतं. वाटतं, मरू दे ती भरती."

मी म्हणालो, "मला पण भीती वाटते."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतो आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार

३ मिनिटं १ सेकंद. एक युक्ती सापडली. साडेचारला चूल पेटवून तिचे बूट बाजूला शेकत ठेवतो. गरम बुटात पाय घातला की निम्मी थंडी जाते. आज तीन खोकल्यांत उठली.

सकुबाई म्हणाली, "पंचेचाळीस वरसं झाली लग्नाला. माज्या चपला कदी शेकल्या नाय तुमी."

१९ डिसेंबर, शुक्रवार

डाव्या बुटाच्या टाचेचं रबर वितळलं. तिला सांगितलं नाही. काळं होतं म्हणून दिसलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार

ती मुरबाडला गेली आहे. आज लिहायला टाइम नाही, म्हणून दुसरंच लिहितो. ही वही दुसरं कोणी वाचत नाही. सकुबाईला वाचता येत नाही, आणि सून फक्त आकडे विचारते.

आठ वर्षांपूर्वी तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा तिला भरतीचं बोलावणं आलं होतं. फॉर्म माहेरी असताना भरलेला. ग्राउंड नेमकं भाताच्या आवणीच्या आठवड्यात आलं. पाऊस पुरता लागला होता, रोपं उपटून ठेवली होती, मजूर मिळत नव्हते. मी म्हणालो, "आवणीला चार हात कमी पडतील. पुढच्या वेळी बघू." तिनं कागद ट्रंकेत ठेवला आणि ती चिखलात उतरली. त्या दिवशी तिनं सगळ्यांपेक्षा जास्त आवणलं. मी तेव्हा चारचौघांत तिचं कौतुक केलं, ते आठवलं की आता अंगावर काटा येतो.

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. या वेळी फॉर्म निघाला तेव्हा सुयोगच्या आधी मीच म्हणालो, भर. पण त्यानं काही भरून निघत नाही, हे मला कळतं.

२ जानेवारी, शुक्रवार

२ मिनिटं ४७ सेकंद!

मी आकडा दोनदा वाचला. तिनं घड्याळ हातात घेऊन पाहिलं आणि रस्त्यातच फतकल मारून बसली. "बाबा, पन्नासच्या आत! वीसपैकी वीस!" तिच्या अंगातून वाफ निघत होती. घरी येताना ती पुढं आणि मी मागं, पण आज मला तिच्या चालीनं चालता आलं. सकुबाईनं गोड शिरा केला. मनस्वीनं शाळेत सांगितलं की माझी आई पोलीस झाली.

४ जानेवारी, रविवार

सुयोगला सुट्टी, म्हणून त्याच्या मोटारसायकलवर म्हशाच्या जत्रेला गेलो. मनस्वी पुढं टाकीवर. देवदर्शन झालं. बैलांचा बाजार पाहिला. मनस्वीला पाळण्यात बसवलं, मी डोळे मिटून खाली उभा राहिलो.

गाईसाठी दहा वाव दोर घेतला. विकणारा उंच गडी होता, दाढीवाला. भराभर हात पसरून दहा मोजले आणि कापून दिला.

५ जानेवारी, सोमवार

२ मिनिटं ४७.

दोर घरी मोजला. साडेअकरा वाव भरला. पुन्हा मोजला. साडेअकरा. त्या माणसाची चूक झाली. गर्दीत घाई झाली असणार. दीड वाव दोर फुकट आला आहे आणि सकाळपासून मला चैन नाही. असा चार गिऱ्हाइकांना दिला तर त्यानं घरी काय न्यायचं? जत्रा अजून आहे. सुयोगला म्हणालो, पुन्हा घेऊन चल, दोर परत करतो.

सकुबाई भाकरी थापत होती. म्हणाली, "द्या इकडं." तिनं मला तिच्यासमोर हात पसरून उभं केलं. मग पिठाच्या हातानं माझ्या उजव्या कोपराला धरून ओढलं. मी ओरडलो.

"दोर नाय वाडला," ती म्हणाली. "तुमचा हात आखडलाय. राबाच्या फांद्या तोडायला ऐनाच्या झाडावर चडून पडलात, तवापासनं तो कदी सरळ झालाय? सदऱ्याची एक बाही मी आखूड शिवते ना!"

खरं आहे. माझ्या कधी लक्षात आलं नाही. म्हणजे दोरवाला प्रामाणिक निघाला. मनावरचं ओझं उतरलं. आज झोप चांगली लागेल.

६ जानेवारी, मंगळवार

२ मिनिटं ४६.

तिनं धोंडा ओलांडला, दोन्ही हात वर केले आणि हसली. मी आकडा वाचला. मग माझं लक्ष धोंड्याकडे गेलं.

चारशे सदतीस वाव. माझ्या हातांचे.

६ जानेवारी, दुपार

हिशेब चार वेळा केला. माझे साडेअकरा म्हणजे खरे दहा. तर माझे चारशे सदतीस म्हणजे खरे तीनशे ऐंशी. सत्तावन्न वाव कमी. शंभर मीटरच्या वर.

ती आठशे मीटर धावतच नाही. सातशेदेखील नीट नाही. ग्राउंडवर जाईल, पन्नासच्या आत येईन म्हणून छाती काढून धावेल आणि रेघ शंभर मीटर पुढं असेल.

कुंडलिक टेप आणू का म्हणाला होता. मी नको म्हणालो. दुसऱ्या कोणी नाही, मी.

७ जानेवारी, बुधवार

सांगायचं ठरवून ओटीवर बसलो. ती बाहेर आली, शेकलेल्या बुटात पाय घातले आणि म्हणाली, "आता थंडी वाजत नाय बगा. पन्नासच्या आत आल्यापासनं उठायचं भ्या गेलं."

मी कसं सांगू?

दुसरा मार्ग काढला आहे. ती देवळाकडे जाऊन अंग मोकळं करते, तेवढ्यात मी धोंडा रोज दहा वाव पुढं सरकवायचा. माझे पासष्ट वाव पुढं नेले की माप खरं होईल, असा हिशेब येतो. सात दिवसांत होईल. दहा वाव अंधारात कळणार नाहीत. तिचे पायही हळूहळू तयार होतील. कुणाचं मन मोडायला नको.

आज दहा सरकवले. टाइम २ मिनिटं ४९.

तिला सत्तेचाळीस सांगितलं.

९ जानेवारी, शुक्रवार

खरा टाइम २ मिनिटं ५६. सांगितला ४८.

दोन आकडे लिहायचे असतात म्हणून आता वही तिच्या हाती लागू नये असं वाटतं. भाताच्या कणगीच्या मागं ठेवतो. धोंडा जड आहे, उजवा खांदा रात्रभर ठणकतो. थंडी असेल.

१२ जानेवारी, सोमवार

खरा ३ मिनिटं ३. सांगितला ५०.

ती म्हणाली, "बाबा, पुढं नाय सरकत मी. रोज जास्त जोर लावते, आनि टाइम तसाच." छातीवर हात दाबून उभी होती. मी म्हणालो, धुकं होतं, थंडीत पाय आखडतात. पाय आखडतात म्हणताना माझाच हात डोळ्यांपुढं आला.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिनं वाकून नमस्कार केला आणि तिळगूळ हातावर ठेवला. मला तो चावेना. तसाच खिशात ठेवला, त्याला मुंग्या लागल्या.

खरा ३ मिनिटं ५. सांगितला ५२. याहून कमी सांगायला जीभ वळत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

परवाच सात दिवस झाले. सत्तर वाव. हिशेबानं पुरे झालं. पण हिशेब माझा. पाचवीतून शाळा सोडलेल्या माणसाचा. आधीही मी खात्रीनंच मापलं होतं. पुन्हा कमी पडलं तर? म्हणून आज आणखी बारा सरकवले.

सकुबाई विचारते आहे, "माजा धुन्याचा धोंडा कुनी नेला? बायकांना शिव्या घालून बसले मी." आता त्या शिव्याही माझ्याच खाती. खरा ३ मिनिटं ११. सांगितला ५४.

१७ जानेवारी, शनिवार

आणखी बारा. धोंडा आता साकवाच्या अगदी जवळ आला. पुढं न्यायला रस्ता नाही. खरा ३ मिनिटं १४. सांगितला ५६. तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही. म्हणाली, "वय झालं माजं."

एकतीस वर्षांची मुलगी.

१९ जानेवारी, सोमवार

सोळा वेळा खोकलो. उठली नाही. चुलीजवळ बूट तसेच पडून राहिले. मी ते उन्हात ठेवले, मग पुन्हा आत आणले. दिवसभर ती माझ्यासमोर आली नाही.

२० जानेवारी, मंगळवार

सगळं लिहितो, मोडतोड न करता.

साडेचारला बूट शेकले. खोकलो. दार उघडलं ते सुयोगनं. पाळीवरून नुकताच आला होता. "बाबा, निजू द्या तिला. ती सोडते म्हनते. नऊ दिवस राहिलेत आनि टाइम उलटा चाललाय. फुकट जीव जाळायचा कशाला? तुमीपन निजा, किती थंडी हाय."

त्यानं दार लोटून घेतलं. मी अंगणात उभा राहिलो. आत जाऊन झोपलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. ती हरली असती, आणि तिला वाटलं असतं की आपणच कमी पडलो. मी धरून तीन माणसांनी तिचं सांत्वन केलं असतं.

मी दाराशी गेलो. म्हणालो, "भावना."

ती लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

"भावना, ऊठ. तू हळू झाली नाहीस. धोंडा मी सरकवला."

आतून आवाज आला. "काय सरकवला?"

"धोंडा. रोज दहा वाव. कधी बारा. रस्ता कमी मापला होता मी. माझा हात सरळ होत नाही, माझा वाव तोकडा आहे. म्हशाला दोर घेतला तेव्हा कळलं. शंभर मीटर कमी होतं."

दार उघडलं. ती पांघरूण लपेटून उभी होती. केस सुटलेले. मागं सुयोग. स्वयंपाकघराच्या दारात सकुबाई.

"मंग ते दोन सत्तेचाळीस?"

"आठशेचे नव्हते."

"आनि आता बावन्न, छप्पन्न सांगता ते?"

"तेही खरे नाहीत. तीन पाच. तीन चौदा."

ती म्हणाली, "म्हंजे आदी रस्ता कमी होता, मंग टाइम खोटा."

"हो."

सकुबाई म्हणाली, "आनि धोंडा माजा!" तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

मी म्हणालो, तुझं मन मोडू नये म्हणून केलं. थंडीत उठायचं बळ जाऊ नये म्हणून.

तेव्हा ती जे बोलली ते लिहायला हात वळत नाही, पण लिहितो. आवाज चढवला नाही तिनं.

"आवनीच्या टायमाला पन तुमीच ठरवलंत, बाबा. आता पन तुमीच ठरवलंत. मला सांगायचं व्हतं. काय करायचं ते मी ठरवलं असतं."

मला वाटत होतं की ती ते विसरली.

ती आत गेली. मी ओटीवर बसलो. थोड्या वेळानं ती टी-शर्ट घालून आली, चुलीजवळचे बूट घेतले, घातले आणि माझ्या गळ्यातलं घड्याळ काढून स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. अंधारात एकटीच निघाली. मी घोंगडी सावरत मागं गेलो. जांभळीपाशीच पोचलो होतो, एवढ्यात ती देवळाकडून आली आणि मला ओलांडून गेली. मान वळवली नाही. मी तिला असं धावताना कधी पाहिलं नव्हतं. साकवापाशी तिनं स्वतः बटण दाबलं.

मी जवळ गेलो तेव्हा तिनं घड्याळ माझ्यासमोर धरलं. ३ मिनिटं १३. तीन तेरा. दुसऱ्या कुठल्या दिवशी या आकड्यावर आम्ही हसलो असतो.

"कुंडलिककाकांना सांगा टेप घेऊन यायला," ती म्हणाली. "तुमीच सांगा."

२१ जानेवारी, बुधवार

कुंडलिकला सगळं सांगावं लागलं. तो पोट धरून हसला. मग टेप घेऊन आला. टेपचं एक टोक भावनानं धरलं, दुसरं त्यानं. मी मागं मागं, कोळशानं खुणा करत.

जांभळीपुढची माझी पहिली जागा सहाशे नव्व्याण्णव मीटर. आठशे मीटर एका शेताच्या बांधापाशी येतं. आणि साकवाजवळचा धोंडा आठशे अठ्ठेचाळीस.

कुंडलिक म्हणाला, "धाऊ, आदी शंभर चोरलेस, मंग भ्यानं पन्नास वर घातलेस. दोन्ही बाजूंनी पोरीला मारलंस की रे!"

मला रस्त्यात बसावंसं वाटलं. शेवटी शेवटी तिनं पन्नास मीटरपर्यंत जास्त ओढले आणि वय झालं म्हणून हात टेकले.

भावना साकवाच्या कठड्यावर बसून मोबाइलवर आकडे करत होती. माझी वही मागितली. मी कणगीमागून आणून दिली. तिनं सगळी पानं चाळली. आवणीचं पानही तिनं वाचलं असेल, तिथं ती थांबली होती. मग म्हणाली, "डिसेंबरात आठशेला मला साडेतीन मिनिटं लागली असती. काल लागली असती तीन दोन. अठ्ठावीस सेकंद कमी झालेत, काका."

ती कुंडलिकला सांगत होती. मला नाही.

बांधापाशी तिनं स्वतः चुन्याची रेघ ओढली. धोंडा मी घरी आणला. सकुबाईनं तो तीन वेळा धुतला.

२३ जानेवारी, शुक्रवार

३ मिनिटं १. मी खोकायच्या आधीच ती उठलेली असते. घड्याळ तिच्याकडेच असतं. आकडा चुलीपाशी मनस्वीला सांगते, मी तो ऐकून लिहितो.

बूट मात्र मी शेकत ठेवतो. डाव्या टाचेचं रबर वितळलं होतं तेही आज सांगून टाकलं. ती म्हणाली, "म्हाईत हाय."

२६ जानेवारी, सोमवार

२ मिनिटं ५९. ती म्हणाली, "बाबा, उद्या देवळापाशी तुमी उभे ऱ्हावा. मला टॉर्च पायजे सुरुवातीला." घड्याळ दिलं नाही. टॉर्च दिला.

२९ जानेवारी, गुरुवार

सुयोगच्या मित्राच्या गाडीनं पहाटेच ठाण्याला गेलो. मी येऊ नये असं सगळ्यांना वाटत होतं, मलाही. तीच म्हणाली, येऊ द्या.

नातेवाइकांना आत सोडत नाहीत. फाटकाबाहेर आमच्यासारखे पुष्कळ होते. कोणाचा बाप, कोणाचा नवरा कडेवर पोर घेऊन. आतून शिट्टी वाजली की सगळे माना उंच करायचे आणि काही दिसत नसे. मी खिशात हात घालून बसलो होतो. एक शिट्टी झाली की मनातल्या मनात मोजायचो, एकशे सत्तरपर्यंत आलो की थांबायचो. एकशे सत्तर म्हणजे दोन पन्नास. किती वेळा मोजलं कोण जाणे. त्यातली तिची शिट्टी कुठली ते मला कधीच कळणार नाही.

अकराला ती बाहेर आली. छातीवर नंबराचा कागद तसाच. सुयोगनं विचारलं. ती म्हणाली, "दोन छप्पन्न. वीसपैकी सोळा."

सोळा वाईट नाहीत असं सुयोगचा मित्र म्हणतो. गोळाफेक बरी झाली, शंभर मीटर बरे झाले. लेखी अजून बाकी आहे. सहा सेकंदांत चार मार्क गेले. त्या सहा सेकंदांत माझे किती, हे मी गाडीत बसून मोजत होतो.

मुरबाड आल्यावर ती आपण होऊन बोलली. "रेघ आली ती मला कळलीच नाय, बाबा. मला वाटलं अजून पन्नास मीटर हाय. मी धावतच सुटले. मॅडम ओरडल्या, थांब बाई, झालं तुजं, कुठं चाललीस?"

आणि हसली. सुयोगही हसला.

म्हणजे माझ्या जास्तीच्या पन्नास मीटरमुळे तिचा दम टिकला, की पुढं आणखी पन्नास आहेत असं वाटून तिनं जोर राखून ठेवला आणि म्हणून सहा सेकंद गेले? विचारायचा धीर झाला नाही. ती हसते आहे तोवर हसू द्यावं, असं मनात आलं. मग वाटलं, पुन्हा मीच ठरवतो आहे. म्हणून विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत होती. "म्हाईत नाय," म्हणाली. "दोन्ही असल."

घरी आल्यावर तिनं बूट काढून चुलीपाशी ठेवले. मी म्हणालो, उद्या निवांत झोप.

"उद्या निजते," ती म्हणाली. "परवापासनं लेखीचा अभ्यास. पाचला उठवा मला."

मी मान हलवली.

"आनि खोकू नका, बाबा. हाक मारा."